साखरखेर्ड्याची फत्ते आणि खामगावची रुई

देशांतर्गत युद्धाला मराठीने जो शब्द योजला आहे तो ‘यादवी’ हा शब्द प्रभासक्षेत्री एरका नामक तृणाची पाती उपटून परस्परांचा संहार करणाऱ्या यादवांच्या कुलक्षयावरून आलेला आहे. आणि ज्या भूप्रदेशाविषयी येथे लिहावयाचे आहे त्या बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेस, सिंदखेड राजा येथे, स्वतःस देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणविणारे जाधवराव घराणे पिढ्यान्‌पिढ्या नांदले, हा योगायोग मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. जिजाबाईंचे हे माहेर. त्यांचे वडील लखुजी जाधवराव १६२९ साली दौलताबादेस आपल्या धन्याच्या, म्हणजे निजामशहाच्या, दरबारात पुत्रांसह मारले गेले, तेही कोणा परकीय शत्रूच्या हातून नव्हे. ज्यांची चाकरी करावी त्यांनीच घात करावा, ही या मुलखाची जुनी ओळख.

यादवीतून उठलेल्या देशांच्या कथा वृत्तपत्रांत आपण वाचतो. श्रीलंका कशी सावरली, रवांडाने कसे डोके वर काढले, याचे कुतूहल आपल्याला असते. परंतु हा जिल्हा ज्यात येतो तो वऱ्हाडही जुन्या दप्तरांत एक स्वतंत्र मुलूखच आहे, मोगलांच्या दख्खनेतील एक सुभा आहे, आणि त्याच्या अर्वाचीन राजकीय इतिहासाचा पहिला दिवस जर कोठे शोधावयाचा असेल तर तो सिंदखेड राजा तालुक्यातीलच साखरखेर्डा या गावच्या शिवारात, ११ ऑक्टोबर १७२४ या दिवशी सापडतो.

त्या दिवशी काय घडले? दिल्लीचे तख्त दरबारातील सय्यद बंधूंनी १७१९ साली खेळण्यासारखे हाताळले. पुढच्याच वर्षी मोगल सरदार निजाम-उल्-मुल्क याने नर्मदा ओलांडून प्रथम बऱ्हाणपुराजवळ व नंतर बाळापुरास सय्यदांच्या पक्षाच्या फौजा मोडल्या. कालांतराने तो बादशहाचा वजीर झाला, दरबारच्या कारस्थानांना विटला, आणि शिकारीच्या निमित्ताने बाहेर पडून दख्खनेकडे निघाला. महंमदशहा बादशहाने त्याला उघड विरोध करण्याचे धैर्य दाखविले नाही, पण हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान याला मात्र दख्खनची सुभेदारी आतून देऊ केली. दोघेही बादशहाचेच सरदार, दोघांच्याही झेंड्यावर एकाच तख्ताची शपथ, आणि दोघांच्या लढाईचे मैदान मात्र वऱ्हाडातल्या कुणब्याचे शेत. मुबारिजखान पडला. निजामाने त्याचे शिर बादशहाकडे पाठविले, आणि बादशहाने, ज्याचा नाश त्याने इच्छिला होता त्यालाच, दुसऱ्या वर्षी ‘आसफजाह’ हा किताब देऊन दख्खनेचा धनी मानले. मोगल साम्राज्याचे तुकडे होण्याची प्रक्रिया पुष्कळ आधी सुरू झालेली होती. परंतु सव्वादोनशे वर्षे टिकलेले हैदराबादचे राज्य ज्या घटकेस जन्मले ती घटका ही होय.

या लढाईत थोरल्या बाजीराव पेशव्यांचे साह्य निजामाला झाले, आणि आपले इतिहासकार हे प्रकरण पेशव्यांच्या धोरणीपणाचे उदाहरण म्हणून सांगतात. ते तसे असेलही. परंतु आश्विनाचा महिना, ज्वारी निसवून कणसात दाणा भरण्याचे दिवस, आणि दोन्हीकडची घोडदळे त्या पिकातून फिरलेली, हे चित्र बखरींच्या पानांवर सहसा येत नाही. विजेत्याने गावाचे नाव बदलून ‘फत्तेखेर्डा’ ठेवले. सरकारी दप्तरांत ते नाव काही काळ वावरले. लोकांनी मात्र गावाची साखर जाऊ दिली नाही.

युद्ध एका दिवसात संपले, त्याचा निकाल लागायला मात्र ऐंशी वर्षे लागली. निजामाचा अंमल वऱ्हाडावर बसला खरा, पण पेशवा बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून आणलेल्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदांच्या आधारे नागपूरकर भोसल्यांचाही हक्क त्याच भूमीवर होता. म्हणून एकाच परगण्यात निजामाचा आमील आणि भोसल्यांचा कमाविसदार, अशी दोन माणसे एकाच खळ्यावर उभी राहू लागली. या व्यवस्थेला ‘दोअमली’ म्हणत. वसुलाचे स्थूल प्रमाण शेकडा साठ भोसल्यांकडे व चाळीस निजामाकडे असे सांगितले जाते; चौथाई, सरदेशमुखी आणि घासदाणा असे पदर एकमेकांवर चढत चढत मूळ धन्यापेक्षा हक्कदाराचा वाटा मोठा झाला होता. दोन सरकारे असली म्हणजे रयतेला दोहोंपैकी एकाकडे दाद मागता येईल, असे एखाद्या भाबड्या वाचकाला वाटेल. व्यवहारात मात्र दोघेही वसुलीला हजर आणि फिर्यादीला गैरहजर असत. दरम्यान १७५७ च्या अखेरीस पेशव्यांच्या फौजांनी सिंदखेडला निजामाच्या पक्षाला कोंडले, आणि पंचवीस लाखांच्या मुलखाचा जो तह झाला तोही साखरखेर्ड्यासच झाला. काही गावांच्या कपाळी इतिहास असतो. तो त्यांनी मागितलेला असतोच असे नाही.

१८०३ साल उजाडले ते दुहेरी संकट घेऊन. इंग्रज व मराठे यांच्यातील असईच्या लढाईनंतर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजा वऱ्हाडात उतरल्या, २९ नोव्हेंबरला अकोल्याकडील अडगावास भोसल्यांची फौज मोडली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि लगेच १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला. तो इंग्रजांनी निजामाला दिला. ज्या राज्याने वऱ्हाडसाठी ती लढाई स्वतः जिंकली नाही त्याला वऱ्हाड एकहाती मिळाला. आणि त्याच हंगामात पावसाने दगा दिला व सैन्यांनी उरलेसुरले धान्य नेले, म्हणून हे वर्ष दख्खनच्या मोठ्या दुष्काळांत गणले जाते.

आता दोअमली संपली, तेव्हा सुख यावयास हवे होते. आली ती मक्तेदारी. १८४३ पर्यंत हैदराबादचा कारभार पाहणारे राजा चंदुलाल यांच्या काळात परगणेच्या परगणे सावकारांना आणि तालुकदारांना वसुलासाठी लिलावाने दिले जात. विल्यम पामर या गृहस्थाच्या पेढीने तर सरकारलाच कर्ज देऊन सरकारच्या महसुलावर हात ठेवला होता. मक्ता घेणाऱ्याला पुढील वर्षी तो आपल्याकडे राहील याची खात्री नसे. मग त्याने विहीर का खोदावी, आणि ओसाड मौज्याला कौल-इस्तावा देऊन, पहिली दोन-तीन वर्षे हलका धारा घेऊन, परागंदा झालेली कुटुंबे परत का बोलवावीत? पडीत जमीन लावणीस आणण्याचे हे जुने व उत्तम साधन या देशात होते. पण ते ज्याला उद्याची काळजी आहे अशा धन्याच्याच हाती चालते. पगार थकलेले अरब आणि रोहिले शिपाई आपल्या थकबाकीपोटी गढ्या अडवून बसत. देऊळगाव राजा येथे १८५१ साली जाधवरावांच्या घराण्यातील बाजीराव यांच्या अरबांची कंटिंजंट फौजेशी चकमक झाली, वतन जप्त झाले, आणि बाजीराव पुढे कैदेतच वारले. सिंदखेडच्या यादवांचा दोन शतकांचा डाव असा संपला.

कंटिंजंट फौज हा तर स्वतंत्र विनोद आहे. निजामाच्या राज्यात शांतता राखावी म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ही फौज उभारली गेली. तिचा पगार निजामाने द्यावयाचा, हुकूम मात्र इंग्रज रेसिडेंटाचा. पगार थकला, कर्ज साचले, आणि त्या कर्जाच्या हमीसाठी २१ मे १८५३ रोजी लॉर्ड डलहौसीने नासिर-उद्-दौला या निजामाकडून वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दोआब लिहून घेतले. बोरीबंदराहून ठाण्याची पहिली आगगाडी सुटून त्या दिवशी बरोबर पाच आठवडे झाले होते. सातच वर्षांनी, १८६० साली, धाराशिव व रायचूर परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, वऱ्हाड मात्र राहून गेला. आणि त्याचबरोबर वऱ्हाडचे जमाखर्च निजामाला दाखविण्याचे इंग्रजांवरील बंधनही गेले. सालारजंगासारखा निजामाचा कर्तबगार दिवाण पुढे विलायतेपर्यंत गेला, तरी हे गहाण सुटले नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीच्या पट्ट्यात कापूस येतो, आणि मँचेस्टरला कापूस लागतो, या दोन वाक्यांपलीकडे त्याचे फारसे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

या ठिकाणी बुलढाणा गावाचा उदय होतो. ‘भिलठाणा’ या नावावरून ज्याचे नाव आले असे मानतात ते हे डोंगरमाथ्यावरील खेडे हवेच्या आल्हाददायकपणामुळे साहेबांना आवडले, आणि ‘उत्तर वऱ्हाड’ जिल्ह्याचे ठाणे तेथे झाले. १९०१ च्या खानेसुमारीतही त्याची वस्ती अवघी ४,१३७ होती. ठाण्याचे गाव लहान आणि बाजारपेठेचे गाव मोठे, ही या जिल्ह्याची चाल तेव्हापासूनची आहे. प्रशासनाचे पहिले खरे काम जमिनीच्या मोजणीचे होते. १८६१ च्या सुमारास मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी पाहणी सुरू झाली. शेताला नंबर पडला, प्रतवारी ठरली, धारा तीस वर्षांसाठी बांधला गेला, आणि कुणबी प्रथमच आपल्या जमिनीचा खातेदार झाला. ज्या मुलखात सव्वाशे वर्षे कोण किती घेणार हे घेणाऱ्याने ठरविले होते तेथे आकडा आधीच लिहिलेला असणे, ही क्रांती होती. तिची दुसरी बाजू लवकरच दिसली: जी जमीन माझ्या नावावर आहे ती मला गहाण टाकता येते, आणि जी गहाण टाकता येते ती गमावताही येते.

आणि मग, जिल्ह्याला ज्याची सुतराम कल्पना नव्हती अशी, दुसरी यादवी आली. १२ एप्रिल १८६१ रोजी अमेरिकेत फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या. गुलामांच्या श्रमावर कापूस पिकविणारी दक्षिणेकडील संस्थाने एका बाजूस, उत्तर दुसऱ्या बाजूस. आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे आवळताच, विलायतेस लागणाऱ्या कापसाचा जो सुमारे चार-पंचमांश भाग अमेरिकेतून येत असे तो अडला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, मजूर उपाशी मरू लागले, आणि लिव्हरपूलच्या बाजारात जो भाव युद्धापूर्वी पौंडास सात-आठ पेन्सच्या आसपास होता तो १८६४ मध्ये तिप्पट-चौपट झाला. पऱ्हाटीचे बोंड वेचणाऱ्या नांदुऱ्याच्या किंवा मलकापूरच्या बाईला जॉर्जिया कोठे आहे हे ठाऊक नव्हते. तिच्या घरी मात्र प्रथमच रोकड आली.

खामगावची पेठ त्यापूर्वीच उभी राहिलेली होती. १८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी येथे तूप, सूत आणि थोडा कापूस यांचा धंदा मांडला होता. त्या काळी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवर लादून पाचशे मैलांवरच्या मिर्झापुरास, गंगेच्या काठी, जात असे. वाटेत पाऊस लागला की गोणी भिजून बैलच बसत. युद्धाच्या चार वर्षांत प्रवाह मुंबईकडे वळला, आणि हातचरकीवर सरकी काढण्याच्या कामाला माणसे पुरेनात. कुणब्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या, अशी कथा त्या काळाविषयी सांगतात. ती सर्वस्वी खरी असेल असे मला वाटत नाही, कारण चांदी मऊ असते आणि कुणबी शहाणा असतो. पण पैसा आला म्हणजे तो बँकेत नव्हे, धातूत ठेवायचा, ही समजूत मात्र खरी आहे, आणि आजही खामगाव चांदीच्या बाजारासाठी ओळखले जाते ते उगाच नाही.

येथे एक उपरोध ध्यानात घेण्याजोगा आहे. तेजी होती तेव्हा रस्ता नव्हता, आणि रस्ता झाला तेव्हा तेजी नव्हती. थळ घाटाचा चढ मुंबईहून निघालेल्या आगगाडीने १८६५ च्या जानेवारीत पार केला. एप्रिलमध्ये अमेरिकेत दक्षिणेचा जनरल ली शरण गेला, मुंबईत शेअरांचा फुगा फुटला आणि पेढ्या बुडाल्या. मलकापूर, नांदुरा, जळंब, शेगाव या ठिकाणांवरून जाणारा लोहमार्ग नागपुरास पोचला तो १८६७ साली. सुवेझचा कालवा खुला झाला १८६९ साली. आणि जळंबहून खामगावपर्यंतची आठ मैलांची शाखा, जिच्या उद्घाटनासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, ती १८७० साली. भाव उतरल्यावर आलेली ही सारी साधने वऱ्हाडच्या शेतकऱ्याला जगाच्या बाजाराशी कायमची जखडून गेली. परत ज्वारीकडे वळणे आता सोपे राहिले नव्हते, कारण धारा रोकड, सावकाराचे व्याज रोकड, आणि रोकड देणारे पीक एकच. लमाणांचे तांडे तर एका पिढीत निरुद्योगी झाले. ज्या जमातीने या मुलखाचा व्यापार पाठीवर वाहिला तिचे नाव पुढे सरकारी कागदांत गुन्हेगारांच्या यादीत येऊ लागले. आर्थिक पुनरुत्थानाच्या हिशेबात ही रक्कम कोणी धरत नाही.

मिसर देशाची कथा हीच आहे. तेथील खेदिव इस्माइलाने त्याच कापसाच्या भरवशावर कर्जे काढली आणि १८७६ साली राज्य दिवाळखोरीत गेले. आमच्या इकडे राज्य बुडाले नाही, कारण राज्य आमचे नव्हतेच. बुडाली ती एकेक खाती. अल्फ्रेड लायल या विद्वान अधिकाऱ्याने १८७० मध्ये सिद्ध केलेल्या वऱ्हाडच्या गॅझेटियरात या प्रदेशाच्या भरभराटीचे वर्णन आहे, आणि ते वर्णन खोटे म्हणता येत नाही: ओसाड मौजे पुन्हा वसले, पडीत जमीन लागली, गढ्यांवरचे अरब गेले, रात्री वाट चालता येऊ लागली. दोअमलीतून आलेल्या आजोबाला हे रामराज्य वाटले असेल. केवळ तीस वर्षांनी त्याच्या नातवाने जे पाहिले ते वेगळे होते.

१८९६-९७ ला एक दुष्काळ, आणि तो पचतो न पचतो तोच १८९९-१९०० चा, ज्याला लोक अद्याप ‘छप्पन्नचा’ म्हणतात, संवत १९५६ वरून. खानेसुमारीचा आकडा निर्विकार असतो: १९०१ साली जुन्या हद्दीतल्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४,२३,६१६ भरली, म्हणजे दहा वर्षांत शेकडा बारांची घट. आगगाडी होती, तार होती, बाजार होता, जिनिंग आणि प्रेसच्या चिमण्यांतून धूर निघत होता. कापसाच्या व धान्याच्या बाजारासाठी १८९७ सालचा वऱ्हाडचा स्वतंत्र कायदाही होता, जो हिंदुस्थानातल्या बाजारनियमनाच्या कायद्यांत अगदी आरंभीचा होय. नव्हते ते कणगीत धान्य. ज्या जमिनीवर पूर्वी ज्वारी उभी असे तिच्यातील बराच भाग लिव्हरपूलसाठी पिकत होता, आणि लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ या नावाने, म्हणजे उमरावतीच्या (अमरावतीच्या) नावाने, विकल्या जाणाऱ्या त्या रुईला खाता येत नाही.

याच पडझडीच्या काळात राजकीय गहाणाचाही निकाल लागला. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खानाकडून वऱ्हाड सालिना पंचवीस लाख रुपयांच्या खंडाने कायमचा पट्ट्यावर घेतला. बदल्यात निजामाला ‘जी. सी. बी.’ हा बहुमान मिळाला, आणि हैदराबादेतील थट्टेखोरांनी त्या अक्षरांचा अर्थ लावला: ‘गेव्ह कर्झन बेरार’. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये खामगाव व जळगाव (जामोद) हे तालुके अकोल्यातून निघून बुलढाण्यात आले, म्हणजे आज आपण ज्याला जिल्हा म्हणतो त्याची आकृती त्या साली बनली. निजामाचे कागदी स्वामित्व मात्र सुटले नाही. १९३६ च्या करारात त्याचा पुनरुच्चार झाला, आणि त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणू लागले. साखरखेर्ड्याच्या शिवारात जे राज्य मिळविले त्याच्या ज्या कोपऱ्यावर सत्ता उरली नव्हती, त्याचेच नाव वारसाला द्यावे, यात मला एक प्रकारची करुण दरबारी अदब दिसते. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद पडले. १९५६ च्या नोव्हेंबरात बुलढाणा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात.

सत्तेच्या या पालटांनी जिल्ह्याची एक रेघ मात्र पुसली नाही. बुलढाण्यात माणसाला गाव विचारण्यापूर्वी ‘घाटावरचे की घाटाखालचे’ हे विचारतात. घाटाखाली पूर्णेचे खोरे, काळी जमीन, आगगाडी, पेठा, शेगावचे देवस्थान. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, पैनगंगेचा उगम, हलक्या जमिनी आणि एकही रेल्वे स्थानक नाही. आगगाडी कापसासाठी आली होती, ती कापूस जेथे होता तेथेच थांबली. खामगाव ते जालना या मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी असून ती अजून मागणीच आहे. १९७२ नंतर राज्य शासनाच्या एकाधिकार खरेदीने कापसाला काही काळ हमीचा ग्राहक दिला, पुढे ती योजनाही गेली, आणि आता घाटावर-घाटाखाली सर्वत्र सोयाबीन पसरले आहे. पीक बदलले, भाव दूरच्या बाजारात ठरतो, हे बदलले नाही.

साखरखेर्ड्याच्या आसपासच्या खेड्यांत अजून एक शब्द ऐकू येतो. जिल्ह्याची हद्द ओलांडून पूर्वीच्या निजामी मुलखात, जालन्याकडे, मुलगी दिली तर म्हातारी माणसे ‘मोगलाईत दिली’ असे म्हणतात. मोगल बादशहाच्या दोन सरदारांची लढाई आपल्याच शिवारात झाली हे त्यांतील पुष्कळांना ठाऊक नसते. कोणाचा अंमल कोठे संपतो आणि कोठे सुरू होतो एवढे मात्र त्यांच्या जिभेवर अजून पक्के आहे.